भावकीची यादी

जुन्नरच्या छापखान्यात लग्नपत्रिका जुळवणारी बाई बांगड्या वर सरकवूनच कीबोर्डला हात लावायची. तिनं स्वतः एक मॅक्रो लिहिला होता. गाव, आडनाव टाकलं की त्या भावकीची नावं आधी साठवलेली आहेत का, ते कॉम्प्युटर तपासायचा. माझ्या पत्रिकेच्या वेळी बहिणीच्या लग्नातली यादी क्षणात हजर झाली. नंतर भांडलेल्या चुलत्यासकट.

"हे नाव काढा. वडिलांनी बजावलंय."

"काढते की. पण भाऊ, मशीनला तुमचं भांडान म्हाईत नाय, ते लई बरं हाय बगा."

मी नाव राहू दिलं. घरी सांगितलं, कॉम्प्युटर चुकला.

मांडव घालायला सगळ्यांत आधी तेच चुलते आले. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या मशीनला पेढे दिऊन ये."