थँक्यू कशाबद्दल?

लिफ्टवाल्या मिस्त्रींच्या घरात ‘थँक्यू’ हा शब्द चांगल्या कपबश्यांसारखा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला होता. आपल्याच माणसांचे कोणी आभार मानतं का? आभार मानायचे ते समारंभ संपल्यावर, माईक हातात घेऊन, लोक खुर्च्या सरकवून निघालेले असताना. मिस्त्रींची ही समजूत लग्नाला पंचवीसेक वर्षं होऊनही शाबूत होती.

त्यामुळे त्या सकाळी औषधांच्या दुकानात कामाला निघालेली बायको उंबऱ्यात वळून “थँक्यू हं” म्हणाली, तेव्हा मिस्त्रींना वाटलं, ती फोनवर बोलतेय. पण फोन तर तिच्या पिशवीत होता.

“कशाबद्दल गं?” असं विचारेपर्यंत ती जिना उतरून गेलीसुद्धा.

कामावर मिस्त्रींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सहा मजली कचेरीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर येऊन हुंदका दिल्यासारखी थांबायची. मिस्त्री लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून रुळांना ग्रीस लावत होते आणि वरच्या मशीनच्या खोलीत त्यांचा जोडीदार होता. त्याचा आवाज असा होता की सगळे त्याला कावळाच म्हणत.

“मिस्त्री, वर घेऊ का?” कावळा तिसऱ्यांदा ओरडला. “झोपलात की काय?”

जेवायच्या सुट्टीत मिस्त्रींनी त्याला झाला प्रकार सांगितला. कावळ्याचा घास हातातच राहिला.

“माझी बायको जन्मात एकदा थँक्यू म्हणाली होती,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी तिची आई राहायला आली. अजून आहे.”

“पण आमच्याकडे तिचे वडील आधीपासूनच आहेत.”

“मग प्रकरण गंभीर आहे,” कावळा म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

मिस्त्री आठवून आठवून थकले. आठवडाभरात आपण चांगलं असं केलं काय? सासऱ्यांना सकाळी फिरायला न्यायचं कबूल केलं होतं, नेलं नाही. लेकीच्या खोलीतला पंखा कुरकुरतोय, ‘बघतो’ म्हणाले, बघितला नाही. केलेलं काही सापडेना, न केलेलं मात्र भराभर वर येत होतं. आणि मग एकदम आठवलं, मागच्या आठवड्यात ती डॉक्टरांकडे जाऊन आली होती. ‘काही नाही हो, नेहमीचं’ म्हणाली होती. माणूस निरोप घेताना तर असं बोलत नाही ना? त्यांनी तिला फोन लावला.

“अगं, सकाळी ते काय म्हणालीस?”

“गिऱ्हाईक आहे हो समोर. घरी बोलू.”

घरी बोलू! एवढंसं वाक्य, पण दुपारभर डोक्यातून जाईना. येताना त्यांनी द्राक्षं घेतली. का घेतली, कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बायको ओट्याशी भाजी चिरत होती. द्राक्षांकडे बघून तिच्या भुवया वर गेल्या. “आज काय विशेष?”

“ते तू सांग. डॉक्टर काही म्हणाले का?”

“डॉक्टर? त्यांनी नेहमीच्याच गोळ्या दिल्या.” ती त्यांच्याकडे बघतच राहिली. “तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

शेवटी सगळं ओठांवर आलं. ती आधी हसली, मग सुरी खाली ठेवून म्हणाली, “अहो, माझा चष्मा! किती दिवस दांडी लोंबकळत होती. सकाळी बघते तर घट्ट बसवलेली. म्हणून म्हटलं.”

“चष्मा? मी?”

“मग काय चष्म्यानं स्वतःच स्वतःला दुरुस्त केलं?”

मिस्त्रींना काही केल्या आठवेना. त्यांनी लेकीला विचारलं. ती म्हणाली, मी नाही. मग गॅलरीत बसलेल्या सासऱ्यांना विचारलं. त्यांनी आपले थरथरणारे हात पुढे केले. “या हातांनी तो तिळाएवढा स्क्रू बसेल? अहो जावईबापू, तुम्हीच तर बसवलात. काल बातम्या बघत होता, चष्मा समोर पडला होता. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढलात, पिळलात, ठेवून दिलात. नजर टीव्हीवरून हलली नाही तुमची.”

“पण मला आठवतच नाही,” मिस्त्री बायकोला म्हणाले. “मग ते थँक्यू माझं कसं?”

“नको असेल तर परत करा,” ती म्हणाली. मग पुन्हा सुरी उचलून म्हणाली, “काल दुकानात एक बाई आल्या होत्या. नवरा नुकताच गेलाय. औषधाच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडत नव्हतं. म्हणाल्या, झाकण नेहमी तेच उघडून ठेवायचे, मला वाटायचं झाकणं सैलच असतात. ते डोक्यात होतं. सकाळी चष्मा नीट बसला आणि तोंडातून निघून गेलं.”

मिस्त्रींच्या डोक्यातला गुंता सुटायच्या ऐवजी वाढला. मला न आठवता मी एवढं करतो, तर ही माणसं माझ्यासाठी काय काय करत असतील? विजेरीची बॅटरी कधी संपलेली आठवत नाही, ती कोण भरतं? सदऱ्याची बटणं तुटतात, तर पुन्हा लागतात कशी? त्यांनी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, “बाबा, विजेरी मी शाळेत असल्यापासून चार्जिंगला लावते.” बटणांचं मात्र कोणी कबूल करेना. बायको म्हणाली, माझे बाबा लावतात. सासरे म्हणाले, छे, हात बघितलेत ना.

जेवायला बसल्यावर मिस्त्रींनी घसा खाकरला. “मला जरा बोलायचंय.”

सगळ्यांचे हात थांबले.

“म्हणजे... तुम्ही सगळे... आहात, ते बरं आहे.”

मग सासरे म्हणाले, “आम्ही कुठे जाणार होतो?”

“बाबा, नोकरी गेली का?” लेकीनं घाबरून विचारलं.

“नाही गं.”

“मग?”

मग काय, हे मिस्त्रींनाही नीट सांगता येईना. बायकोनं त्यांच्या ताटात न विचारताच भाजी वाढली. त्यांनी मान खाली घालून ती खाल्ली. बोललो ते पोचलं की वाया गेलं, काही कळायला मार्ग नव्हता.

लेक उठली आणि तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवून बघितलं. ताप नव्हता. तरी तिनं हात जरा वेळ तसाच ठेवला, आणि मिस्त्रींनीही तो काढ म्हटलं नाही.