राठोड सरांचं इंग्रजी दुःख

जवळा बाजारच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडच्या नववीच्या वर्गातून खणखणीत आवाज येत होता.

“सॅडनेस म्हंजे काय?”

“दुःख!” वर्ग एका सुरात ओरडला.

“सॉरो?”

“दुःख!”

“आन् ग्रीफ?”

“दुःख!”

“मंग इंग्रजांनी एकाच दुःखाला तीन शब्द काहून केले रे? त्यांला दुसरं काम नव्हतं?”

वर्ग हसला. माझा वर्गही हसला. मग तोच आवाज जरा खाली आला. “सॅडनेस जेवण झालं की जातो. सॉरो जेवताना शेजारी येऊन बसतो. आन् ग्रीफ जेवूच देत न्हाई. लिवून घ्या.”

हे राठोड सर. उंच, सडपातळ, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी खडू. पुसेगावच्या बाजूच्या एका बंजारा तांड्यावरचे. तिथले पहिले पदवीधर. आठवडाभर ते जवळा बाजारात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की घरी जायचे. “घरी आमची गोरमाटी बोली, बाजारात मराठी, शहरात हिंदी. इंग्रजी पोटासाठी शिकलो बाई, पण जीव तिच्यावरच बसला,” असं म्हणायचे. शब्दाचा नुसता अर्थ सांगितलेला त्यांना चालत नसे. “शब्दाला माणूस दाखव,” म्हणायचे. म्हणजे हा शब्द कुणावर ओढवला ते सांग.

एकदा सरांना इंग्रजीच्या वह्या तपासू लागताना मी मोठ्यानं हसले होते, त्याची मला अजून लाज वाटते. सुनीता नावाच्या मुलीनं रजेचा अर्ज लिहिला होता. पाठ केलेला अर्ज असतो ना, ‘मी तापानं आजारी असल्यामुळे’, त्यातला ‘फीवर’ खोडून तिनं ‘मदर’ लिहिलं होतं. आय वॉज सफरिंग फ्रॉम मदर. मी ते वाचून दाखवलं. सर हसले नाहीत. त्यांनी वही ओढून घेतली.

“हिची माय मागच्या महिन्यात साप चावून गेली, बाई. तापाच्या जागी मायच लिवणार ती.”

सरांनी लाल पेन बाजूला ठेवलं आणि सुनीतेला बोलावलं. “माय काय काम करायची गं?” महिनाभर वर्गात न बोललेली ती मुलगी आधी जमिनीकडे बघत राहिली, मग सांगत सुटली. कापूस वेचताना आई कशी सगळ्यांच्या पुढं असायची, कशी रागवायची, कशी शिळी भाकरी कुस्करून तिचा कुटका करायची. सगळं ऐकून झाल्यावर सर म्हणाले, “तू लिवलं ते मला बराबर समजलं. पण बोर्डात असं लिवू नको. तपासणाऱ्याला तुझी माय ठाव न्हाई, मार्क कापील.” डोळे पुसता पुसता सुनीता हसली.

पुढं चार-पाच वर्षांनी सरांच्या पत्नी, कमलबाई, थोड्या दिवसांच्या आजारानं गेल्या. आम्ही तिघी शिक्षिका तांड्यावर भेटायला गेलो. अंगणात सरांची म्हातारी आई येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून रडत होती. त्या रडण्याला चाल होती, शब्द होते. सर मात्र लिंबाखाली एकटेच बसले होते, कोरड्या डोळ्यांनी.

“आमची याडी ऐका,” ते मला म्हणाले. याडी म्हणजे आई. “शाळेची पायरी चढली न्हाई. पण तिच्या रडण्यात कमल सगळी येऊन राहिली. लग्नात कशी आली, विहिरीवर कशी घसरली, समदं. मला दुःखाचे इतके शब्द येतात, बाई. एक बी कामाला येईना.”

“मग तुम्हीही रडा ना, सर.”

“मास्तरानं चारचौघांत रडू नये.”

“कुणी सांगितलं?”

“मीच पोरांना सांगत आलो,” ते म्हणाले.

तेवढ्यात म्हातारी उठून आली. तिनं लेकाच्या गळ्यात हात टाकले आणि त्याच चालीत सुरू झाली. सर आधी ताठ बसून राहिले. मग त्यांचे खांदे हलले, आणि तो उंच माणूस आईच्या ओढणीत तोंड खुपसून मोठमोठ्यानं रडला.

शाळेत परत आल्यावर त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: मोर्न. “ही क्रिया हाय, पोरांनो. दुःख आपोआप होतं, शोक करावा लागतो. आन् एकट्याला जमत न्हाई.”

त्याचा अर्थ मला कळला तो वसमतला, माझ्या माहेरी, माझे वडील गेले तेव्हा. सर तोवर निवृत्त झाले होते. आठ दिवस माझी आई एक शब्द बोलली नव्हती. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. लोक येत, ‘देवाची मर्जी’ म्हणत आणि जात. दुपारच्या बसनं सर आले. पाणी प्यायले. सांत्वनाचं एक वाक्य बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुमचे वडील चहा कसा घ्यायचे?”

“आलं घालून,” मी म्हणाले.

“न्हाई.” आतून आवाज आला. खरखरीत, पण आईचाच. “आल्यानं त्यांना पित्त व्हायचं. गवती चहा लागायचा. परसात त्यांनीच लावलेला.”

सर जागेवरून हलले नाहीत. फक्त आवाज थोडा चढवून म्हणाले, “आन् साखर?”

आई उठली, भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि आमच्यासमोर खाली बसली. “साखरेची तर गंमतच होती,” ती म्हणाली. सरांची बस निघून गेली. पुढचीही गेली. आई बोलत होती.