वीसची लेन्स

हॉस्पिटलात तिला सगळे एक्सरेताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. मी तिच्या शेजारच्या खोलीत प्लास्टर घालायचो. मोडलेलं हाड तिनं दाखवायचं आणि मी बांधायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची जोडी. म्हणून इथं जे सांगतोय ते बहुतेक तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे, डबा खाताना, तुकड्यातुकड्यानं.

बोलायला ती फार मोजकी. पेशंटला "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हटलं की हिचं दिवसाचं बोलणं संपलं, असं आम्ही चिडवायचो. पण कॅमेऱ्याचा विषय निघाला की बाई खुलायची. वडिलांचा जुना फिल्मचा कॅमेरा होता तिच्याकडे, विटेसारखा जड. वडील होते तोवर त्याला हात लावायची मुभा फक्त दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला. दादाला त्यात कधी गोडी वाटली नाही. तो शिकला, दुसऱ्या शहरात गेला, संसार तिकडेच थाटला. ही मागे राहिली. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, आणि त्यात हिच्या लग्नाचं राहूनच गेलं. कॅमेरा आपसूक हिच्या हातात आला.

घर मात्र दादाच्या नावावर होतं. वडिलांनी शेवटच्या दिवसांत दोघांना जवळ बसवून सांगितलं होतं, "नाव थोरल्याचं, पण राहील धाकटी. ती आहे तोवर घराला कुणी हात लावायचा नाही." दादा "बरं" म्हणाला होता. हिला तेवढं पुरे होतं. सख्ख्या भावाकडून आणखी काय कबूल करून घ्यायचं?

आई गेल्यानंतर तिच्या मनात आलं, घराचे फोटो काढावेत. माणसांचे नाहीत, नुसत्या खोल्यांचे. आईची खिडकीजवळची खुर्ची, स्वयंपाकाचा ओटा, बाहेरच्या खोलीतलं वडिलांचं कपाट. पण कॅमेऱ्यावरची लेन्स चेहरे काढायला बरी, खोल्यांना नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली तरी लेन्समध्ये निम्मी खिडकी आणि कपाटाचं एक दार एवढंच मावायचं.

"खुर्ची धरली की खिडकी सुटते, खिडकी धरली की खुर्ची," मला म्हणाली. "आता काय, भिंत पाडून मागं सरकू?"

तिला वाइड अँगल लेन्स हवी होती. नेमका त्याच सुमारास दादा आठवडाभर राहायला आला. आईच्या नंतर पहिल्यांदाच. तिनं जेवता जेवता लेन्सचं सांगितलं आणि दादानं चक्क हातातला घास खाली ठेवला. कुठल्या खोल्या काढणार, किती मोठे फोटो, सगळं विचारलं. म्हणाला, "चिमे, चल, उद्याच बघू. बाबांच्या कॅमेऱ्याला शोभेल अशी घेऊ." दुसऱ्या दिवशी हे मला सांगताना तिचा डबा तसाच राहिला. उभ्या जन्मात भावानं हिच्या फोटोंबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

बाजारामागच्या गल्लीत कॅमेरे दुरुस्त करणारं एक दुकान होतं. मालकाच्या एका डोळ्याला कायम घड्याळजीसारखं भिंग, म्हणून सगळे त्याला भिंगकाका म्हणायचे. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन आधी त्याचं तोंड पुसलं आणि सांगितलं, "ताई, हा जुना, आट्यांचा माउंट आहे. बरणीच्या झाकणासारखी लेन्स फिरवून बसवायची. हल्लीच्या खटक्यानं बसणाऱ्या लेन्सा याला चालायच्या नाहीत."

"मध्ये एखादी रिंग टाकून?" दादानं विचारलं.

"रिंग टाकता येते. पण मग लेन्स फिल्मपासून केसभर लांब जाते. वाइडला तेवढंही सोसत नाही. वीतभर अंतरापलीकडचं सगळं धूसर येईल. आट्यांचीच शोधायला हवी."

शोधाशोध करून त्यांनी दोन काढल्या आणि काउंटरवरच्या रबरावर ठेवल्या. एक अठ्ठावीस मिलिमीटरची, एक वीसची; आकडा जितका लहान, तितकं जास्त मावणार. वीसची मागून इतकी फुगीर होती की कॅमेऱ्यातला आरसा तिच्यावर आपटेल की काय, अशी त्यांना शंका आली. त्यांनी ती बसवली, पाठचं झाकण उघडं ठेवून आत उजेड पाडला आणि आरसा बोटानं सावकाश वर उचलून बघितला. अगदी थोडक्यात वाचत होता.

एक्सरेताईनं आळीपाळीनं दोन्हींतून दुकान बघितलं. अठ्ठावीसमध्ये दुकान दुकानासारखंच दिसत होतं, फक्त जरा जास्त मावत होतं. वीसमध्ये समोरची भिंत लांब पळाली होती आणि चिंचोळ्या दुकानाचा हॉल झाला होता.

"मला विचाराल तर अठ्ठावीस घ्या," भिंगकाका म्हणाले. "तुम्हाला खोली आहे तशी हवीय ना? वीसमध्ये खोली फुगते. जवळची खुर्ची पलंगाएवढी होते."

तीही अठ्ठावीसकडेच झुकली होती. दादानं वीसची तिच्या हातातून घेतली, डोळ्याला लावली आणि बराच वेळ बघत राहिला. "हीच घे," म्हणाला. "सगळं घर एका नजरेत येईल. अठ्ठावीस घेशील आणि पुन्हा कोपरा राहिला म्हणून हळहळशील."

"पण काका म्हणतात..."

"काकांचं बरोबर आहे. पण घर आपलं आहे. आणि ही माझ्याकडून तुला."

बावन्न वर्षांच्या बाईला भावानं दिलेली ती पहिली भेट. पुढे ती मला म्हणाली, "त्यानं दगड दिला असता तरी मी कॅमेऱ्याला लावला असता."

दादा परत गेला आणि तिकडून त्याचे फोन सुरू झाले. फोटो काढलेस का? सकाळी काढ, खिडक्या उघड्या ठेव. सामान जरा आवर, पसारा दिसायला नको. माणसं नकोत, तूसुद्धा नको. बाल्कनी राहिली का? मलाही पाठव प्रती, घराची आठवण म्हणून. ती हरखून गेली. रजा टाकली, आईची खुर्चीसुद्धा बाजूला सरकवली, कॅमेरा अगदी सरळ धरला, कारण जरा कलला तरी वीसच्या लेन्समध्ये भिंती वाकतात. फिल्म तिनं घरीच धुतली. न्हाणीघरात लाल दिवा लावून मोठ्या प्रती काढल्या आणि त्यातल्या सरस निवडून दादाला पाठवल्या. मला दाखवायला आणल्या तेव्हा मी म्हटलं, "तुझं घर एवढं मोठं आहे हे ठाऊक नव्हतं." ती हसली. "मलाही नव्हतं."

त्यानंतर एका रविवारी तिच्या दारावर एक जोडपं उभं राहिलं. तरुण, नीटनेटकं. नवऱ्यानं विचारलं, घर हेच ना? तिला वाटलं, कुणी भाडेकरू पत्ता चुकले. तिनं पाणी दिलं. तेवढ्यात बायको आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. पर्समधून एक फोटो काढून खोलीकडे आणि फोटोकडे आळीपाळीनं बघायला लागली.

"अहो, यात तर केवढी मोठी दिसत होती."

एक्सरेताईनं फोटो लांबूनच ओळखला. खालच्या कोपऱ्यात तिच्याच बोटाचा पुसट ठसा होता. "हा तुम्हाला कुणी दिला?" तिनं विचारलं.

"दलालानं. मालकांनी दिलाय त्याला," नवरा म्हणाला आणि बोलता बोलता चाचरला. "तुम्ही... तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

तिनं त्या बायकोला काय सांगितलं ते मला तिनंच सांगितलं. म्हणाली, "फोटोवर जाऊ नका. लेन्समुळे तसं दिसतंय. दोन पलंग टाकलेत की चालायला जागा उरत नाही या खोलीत. तुम्ही स्वतः फिरून बघा." आणि तिनं त्यांना सगळं घर फिरवून दाखवलं, ओल धरणाऱ्या भिंतीसकट. जाताना ती मुलगी तिला "सॉरी हं, मावशी" म्हणाली.

मग तिनं दादाला फोन केला.

"घर बघायला माणसं आली होती."

दादा म्हणाला, "आली पण? मी पुढच्या आठवड्यात जा म्हटलं होतं. त्याआधी मी बोलणारच होतो तुझ्याशी."

"बाबांना तू बरं म्हणाला होतास."

"चिमे, बाबांच्या वेळी गोष्ट वेगळी होती. माझी पोरं मोठी झालीयत, त्यांचंही बघायला हवं. आणि तुला एकटीला तीन खोल्या कशाला लागतात? तुझी सोय करूनच देणार आहे मी. वाऱ्यावर थोडीच सोडतोय?"

"ती लेन्स त्यासाठी घेऊन दिलीस?"

दादा समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुलाही हवीच होती ना?"

तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी कामावर आली, नेहमीसारखं काम केलं. दुपारी माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसली आणि हे सगळं सांगितलं, कुणा पेशंटचं सांगावं तसं. मी तावातावानं वकिलाचं नाव काढलं. तिनं नकारार्थी मान हलवली. "बाबा बोलले तेव्हा तिथं आम्ही तिघंच होतो. बाबा गेले. आता मी एक आणि तो एक." थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या पाठीमागे विकलं असतं तर मी समजून घेतलं असतं. त्यानं माझ्याकडून खिडक्या उघडून घेतल्या." एवढ्या वर्षांत तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं ते त्या एकाच दुपारी.

त्या जोडप्यानं घर घेतलं नाही, पण पुढच्या उन्हाळ्याआधी दुसऱ्या कुणी घेतलं. हॉस्पिटलच्या मागे तिला एक खोली मिळाली, तिला जोडून अरुंद स्वयंपाकघर. सामान हलवायला आम्ही दोघंतिघं गेलो होतो. दादाही आला होता. तो घाम पुसत ओझी उचलत होता, "जपून, जपून" म्हणत होता, आणि ती त्याच्याशी हमालाशी बोलावं तेवढंच बोलत होती.

टेम्पो भरून झाल्यावर तिनं पिशवीतून ती लेन्स काढली आणि त्याच्यापुढे धरली. "तुझी आहे."

आता हा शरमेल, निदान नको तरी म्हणेल, असं मला वाटलं. त्यानं घेतली, झाकण लावलंय ना बघितलं आणि विचारलं, "लेन्सचा डबा कुठंय?"

तिनं टेम्पोवर चढून खोकी उघडली, डबा हुडकून काढला आणि त्याला दिला.