सगळ्यात मोठी शिंपली

उत्तर ध्रुवाजवळच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात म्हातारी उलायू दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती: बर्फाखाली उतरण्यासाठी आणि कोणाचं ऐकून न घेण्यासाठी. हिवाळ्यात समुद्र गोठला, ओहोटीला बर्फाखालचं पाणी मागे हटलं की ती बर्फाला भोक पाडून, दिवा घेऊन समुद्राच्या तळाशी उतरायची आणि भरतीच्या आत बादलीभर काळ्या शिंपल्या घेऊन वर यायची. चाळीस वर्षांत तिचे बूट एकदाच भिजले, तेही बहिणीशी गप्पा मारत बसली म्हणून.

नात आलासी गरोदर राहिली आणि गावात चर्चा सुरू झाली: तळाच्या चिखलात जड धातू मुरतात, शिंपल्यांत शिरतात, तिथून खाणाऱ्याच्या अंगात साठतात. दवाखान्यातून निरोप आला, तपासणी होईपर्यंत आलासीनं शिंपल्या खाऊ नयेत. उलायूला रडूच कोसळलं. आलासीला उलायूच्या आईचं नाव ठेवलेलं, म्हणून रीतीप्रमाणे ती नातीलाच 'आई' म्हणायची. आता आईच्याच ताटात वाढायचं नाही?

"तपासू देत की," म्हणत तिनं दहा शिंपल्या प्रयोगशाळेला धाडल्या.

महिन्यानं उत्तर आलं: कॅडमियम हा जड धातू जास्त. उलायूनं बादली कोपऱ्यात उपडी घातली. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"आजी, एवढ्या मोठ्या शिंपल्या कुठे मिळाल्या?"

"निवडून काढल्या. पाहुण्याला काय बारक्या द्यायच्या? आमच्यात मोठं ते दुसऱ्याचं."

बाईंना हसू आवरेना. "अहो, मोठ्या म्हणजे म्हाताऱ्या! वर्षानुवर्षं धातू साठवलेल्या. रोज खाता तसल्या पाठवा."

आलासीनं कपाळावर हात मारला. "आजी, तुझा पाहुणचार मला उपाशी मारणार!"

"गप बस गं आई," उलायू म्हणाली, पण कान लाल झाले होते.

दुसऱ्या खेपेला तिनं मन घट्ट करून बारक्या पाठवल्या. मार्चमध्ये पत्र आलं: या आकाराच्या शिंपल्या आलासीनं खुशाल खाव्यात.

त्याच दिवशीच्या ओहोटीला उलायू खाली उतरली. आलासी पोट सांभाळत भोकापाशी बसून राहिली. वर आल्यावर उलायूनं बारक्या शिंपल्या निवडून नातीपुढे ठेवल्या. शेवटी तळहाताएवढी एक उरली.

"ही कोणाला?" आलासीनं विचारलं.

"मला. माझ्या पोटात आता कोण वाढणार आहे?"

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं सगळ्यात मोठी शिंपली स्वतः खाल्ली. आणि तिला जराही लाज वाटली नाही.