पंखा, टेबल, कपाट, कपबशी

“नारळ नाय सोडायची मी,” सुमनताईंनी समोरचा माइक बाजूला सारला. “लोकं मला नाय, नारळाला वळखतेत.”

माझा शहागंजात छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. निवडणुकीत प्रचाराच्या रिक्षावर जी घोषणा वाजते, ती मी लिहिते आणि माझ्याच आवाजात रेकॉर्ड करते. सुमनताई मागच्या खेपेला नारळ या चिन्हावर अपक्ष नगरसेविका झाल्या होत्या. तेव्हा एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडून यायचा. आता पॅनल पद्धत आली. म्हणजे मोठा प्रभाग, त्यात अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येक मतदाराची चार मतं. पक्षांचं काम सोपं, एकच चिन्ह चारदा दाबा म्हणायचं. ताईंनीही तीन अपक्ष सोबत घेतले, पण चौघांची चिन्हं चार. ती लोकांच्या लक्षात राहणार कशी?

मी डोकं लावलं. अर्जात चिन्हंच अशी मागायची की जागांच्या क्रमानं घोषणा होईल : “पाहुणे आलेत! पंखा लावा, टेबल मांडा, कपाट उघडा, कपबशी काढा!” ताईंची जागा ड, म्हणून कपबशी त्यांची.

“शेवटी नारळ टाक की,” ताई म्हणाल्या.

“दारात आलेल्या पाहुण्याला चहा सोडून नारळ देता का?”

“अन् मी सोडला अन् दुसऱ्यानं उचलला तर?”

ताईंसोबत आलेले ब जागेचे सलीमभाई मध्येच म्हणाले, “ताई, नारळ पे आप तो निकल जाएंगे. हम तीनों का क्या?”

ताईंनी बाजूला सारलेला माइक परत माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, “लाव बाई तुझी कपबशी.”

मागितलेली चिन्हं मिळाली. पण ड जागेवरच्या एका अनोळखी अपक्षानं नारळ मागून घेतला. त्याच्यामागं कोणता पक्ष होता, हे सगळ्या प्रभागाला ठाऊक होतं. ताईंची सीट गेली असती, तर ती माझ्या घोषणेनं गेली असती. मी आणखी एक ओळ रेकॉर्ड केली : “सुमनताई यंदा नारळात नाहीत, चहा घेऊन आल्यात!” दोन दिवसांत नळावरच्या बायका ती म्हणायला लागल्या.

पंखा पडला. टेबल, कपाट आणि कपबशी निवडून आले. नारळानं मतं भरपूर खाल्ली, ताई थोडक्यात वाचल्या.

गुलालानं माखलेल्या ताई थेट स्टुडिओत आल्या, हातात नारळ घेऊन. “हा तूच फोड. माझ्याच्यानं नाय व्हायचं.” मी पायरीवर एका फटक्यात फोडला.

पद्धत बदलली तरी पक्षांना चिन्ह बदलावं लागत नाही. अपक्षाला स्वतःची ओळख सोडून शेजाऱ्याशी जुळवून घ्यावं लागतं. ते ताईंनी केलं. घोषणा मात्र माझी होती.