आबांची बारा मशिनं

गेल्या रविवारी आबांनी कमाल केली. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय, नवऱ्याला तर आता तोंडपाठ झालंय... म्हटलं, आता तुमची पाळी.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात, सुरतला, लिंबायतमध्ये. विशीत धुळ्याकडून आले आणि उभी हयात इथल्याच उधन्याला पॉवरलूमवर काढली.

रोज सकाळी एकटे चालत चहाच्या टपरीवर जायचं, हा त्यांचा नेम. तिथे त्यांच्यासारखेच जुने कारागीर जमतात, बहुतेक सगळे खानदेशातले. त्या एका तासात आबा जेवढं बोलतात तेवढं घरी आठवडाभरात बोलत नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी टपरीवरून येताना ते रस्ता चुकले. आम्ही दोन तास शोधत होतो... शेवटी एका ओळखीच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. मला बघून एवढंच म्हणाले, "आते समद्या गल्ल्या एकसारख्याच दिसतस."

डॉक्टरांनी तपासलं. विसराळूपणा सुरू झालाय म्हणाले, पत्त्याची चिठ्ठी खिशात ठेवा आणि डोक्याला रोज थोडा व्यायाम द्या. मी लगेच नेटवर मेमरी गेम्स शोधले आणि सेठना विचारून ऑफिसच्या प्रिंटरवर गठ्ठाच काढून आणला. एका कागदावर बारा चित्रं... मिनिटभर बघायची, कागद पालथा घालायचा आणि आठवतील तेवढी सांगायची.

इथवर ठीक होतं. पण माझ्या अंगात मास्तरीण संचारली ना! मी फर्मान काढलं, बारापैकी दहा आल्याशिवाय टपरीवर एकटं जायचं नाही. तोवर मी नाहीतर जावई सोबत येणार.

आता जावई शेजारी बसल्यावर कुठला सासरा मोकळेपणी गप्पा मारेल? आबा दोन दिवस गेले आणि मग जाणंच बंद केलं. सकाळी कपडे करून खुर्चीत बसायचे, मी कागद दिला की निमूट घ्यायचे. उत्तरं यायची चार... फार तर पाच.

चित्रं तरी कसली! पेंग्विन, पियानो, बर्फाचा माणूस. दीपस्तंभाला आबा 'पाण्याची टाकी' म्हणाले तर मी तेही चूक धरलं. आज लिहिताना लाज वाटतेय, पण धरलं.

रविवारी त्यांनी आपणहून नवा कागद मागितला. एकेका चित्रावर बोट ठेवून काहीतरी पुटपुटले. मग उठले आणि हात मागे बांधून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालायला लागले. मधेच डावीकडे मान, मधेच उजवीकडे... दारापासून परत. मी मनात म्हटलं, हे आता काय नवीन?

तेवढ्यात खुर्चीत येऊन बसले, स्वतःच कागद पालथा घातला आणि सुरू झाले. छत्री, घुबड, अननस, पेटी... पेटी म्हणजे पियानो, पण या वेळी मी बरोबर धरलं. थांबले ते बाराव्यालाच!

मला खरंच वाटेना. म्हटलं, उलटं सांगा. त्यांनी शेवटापासून पहिल्यापर्यंत सांगितली, तीही चालताना वळवली होती तशीच मान वळवत.

"बारा चित्रं, बारा मशीन," आबा म्हणाले. "एकेकवर एकेक बसाडी दिधं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कारखान्यात आबांकडे बारा लूम असायचे, सहा या हाताला, सहा त्या हाताला, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. पाळीभर त्याच वाटेने येरझाऱ्या. कुठे धागा तुटला, कुठे बॉबीन संपत आली, ते चालता चालताच बघायचं. त्या वाटेवरून ते आमच्या घरात फिरत होते आणि जाता जाता प्रत्येक लूमवर एक चित्र ठेवत होते. पहिल्या मशीनवर म्हणे पावसाळ्यात छप्पर गळायचं... म्हणून तिथे छत्री!

हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. डॉक्टरांनी नाही, माझ्या गठ्ठ्याने तर मुळीच नाही. दहावी नापास माझा बाप, त्याने स्वतःच्या घामातून शोधून काढलं. मला इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

आबांना रडण्यात काही रस नव्हता. त्यांनी दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि मिनिटभर घड्याळ बघत बसले. मी धडाधड सांगायला लागले... आणि सातवर गाडी अडली.

"सातच?" आबा म्हणाले. "मंग तुले एकलीले कशी जाऊ देऊ?"

नवरा आतून खो खो हसत होता. आबांनी चप्पल घातली, खिशातली पत्त्याची चिठ्ठी काढून मला दाखवली, परत ठेवली आणि निघाले. मी गॅलरीतून बघत राहिले. ते वळणाशी जरा थांबले, एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे... आणि बरोबर टपरीच्या रस्त्याला लागले.

गोळी घेतली की नाही, हे आबा अजूनही विसरतात. काही जादू झालेली नाही, हे मला कळतं. रोज परतेपर्यंत जीव टांगणीलाच असतो, पण आता त्यांना अडवत नाही.

त्यांचा कारखाना कधीच बंद पडला, लूम भंगारात गेले. त्याच लूमवर माझी फी निघाली, माझं लग्न झालं. मला वाटायचं, ते सगळं संपलं... पण आबांच्या डोक्यात बाराच्या बारा मशिनं अजून चालू आहेत.