उसाच्या दोन्ही बाजू

आम्ही शाळेतले जुने सोबती जमलो, की गप्पा कुठूनही सुरू होवोत, वादविवाद स्पर्धेवरच येतात. एकानं एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. कराडजवळच्या खेड्यातली आमची शाळा. जुनी अकरावी जाऊन नवी दहावी नुकतीच आलेली. सांगलीच्या स्पर्धेचा विषय होता, 'ऊस लागवडीवर मर्यादा असावी'. आमच्या वर्गात घरी ऊस नसलेला एकच इसम, तो म्हणजे मास्तर!

*

माने सरांनी दोघांना निवडलं, मला आणि शालनला. शालनला मलकापूरचं स्थळ आलेलं. तिला जायचं होतं कॉलेजात. तिचे वडील, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले तात्या, एवढंच म्हणाले होते, "सांगलीत कशी बोलतीस बघू. मग ठरवू." त्यामुळं ती जीव तोडून तयारी करत होती. मी आपला तिच्याबरोबर.

सर म्हणाले, "बाजू तिथं चिठ्ठीनं मिळते. दोन्ही तयार करा."

दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला काही केल्या कळेना. पहिल्या तालमीत मी ऊस वाईट म्हणून सुरुवात केली आणि ऊस चांगला म्हणून संपवलं. मध्ये कुठं वळलो कुणास ठाऊक. सर म्हणाले, "तू एकट्यानंच स्पर्धा उरकतोस काय?"

*

मग लोकांची मतं गोळा करायची होती. मी हणमंतनानांच्या बांधावर गेलो.

"नाना, ऊस कमी लावावा का?"

"लावावा की. पाणी पुरत न्हाई, जमीन खारावतीया. लय चांगला इचार हाय."

मी खूश. विचारलं, "मग तुम्ही किती कमी लावणार?"

"मी? आरं, आपण शेजाऱ्याबद्दल बोलतोय न्हवं?"

*

सरांनी एक तालीम देवळापुढं ठेवली, कर्णा लावून. शालन मर्यादेच्या बाजूनं असं काही बोलली, की माणसं विडी ओढायची विसरली.

सकाळी बघतो तर उसाच्या बेण्यासाठी गावात धावपळ. सरकार बंदी आणतंय, त्याआधी लावून घ्या! त्या साली गावात कधी नव्हता एवढा ऊस लागला.

भाषण पटलं ते फक्त तात्यांना. उसासाठी ठेवलेल्या रानात त्यांनी भुईमूग पेरला. "पोरगी उगं बोलायची न्हाई," म्हणाले. ही नुसती तालीम होती हे त्यांना कोण सांगणार? सर मला पुढं ढकलत होते, मी सरांना.

*

सांगलीत चिठ्ठी निघाली, विरोधी बाजू. पहिल्याच रांगेत तात्या, फेटा बांधून.

शालन उठली आणि उसाच्या बाजूनं पहिल्यापेक्षा सरस बोलली. "भुईमुगावर कुणाचं घर उभं राहिलंय?" असंही विचारलं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. तात्यांचे हात मांडीवरच होते. मला तर माझी बाजू कुठली हेच आठवेना, पण शालनच्या जोरावर ढाल आम्हाला मिळाली.

*

एस.टी. स्टँडवर तात्यांनी फेटा सोडून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "ह्यातली खरी बाजू कुठली?"

"चिठ्ठीत निघंल ती, तात्या," मी म्हटलं.

सरांनी कपाळाला हात लावला.

"बरं," तात्या शालनला म्हणाले. "कॉलेजची बाजू तू घरात लयदा मांडलीस. आता लग्नाची मांड."

शालन सरळ उभी राहिली, स्पर्धेत राहिली होती तशी. तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. कराडची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेलीसुद्धा.

मी सरांना हळूच म्हटलं, "सर, विसरली वाटतं."

"गप रे," सर म्हणाले.

तात्यांनी पिशवी उचलली. "उद्या मलकापूरला जाऊन येतो. पाव्हण्यास्नी न्हाई म्हणून सांगाय पायजे."